धडा

रात्रपाळी संपते सहा चाळीसला.
कॉरिन वास्को गाडीतच बसून राहते,
हीटरला ऊब धरायला लागतो तेवढा वेळ.
काचेवर ओहायोच्या रस्त्यांवरल्या मिठाचे पांढरे ओघळ,
मांडीवर विजेच्या बिलाचं पाकीट, पालथं,
त्यावर दोन रकाने.

डावीकडे हमरस्त्यालगतचं खाजगी कॉलेज, काचेची इमारत.
यादी नाही, थांबणं नाही. मार्चमध्ये सुरू, सोळा महिन्यांत नर्स.
चोपन्न हजार.
फोनवरची बाई इतकी गोड बोलली
की कॉरिनने दोनदा आभार मानले
आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

उजवीकडे काउंटीचं कम्युनिटी कॉलेज.
जुन्या शाळेच्या खोल्या, पार्किंगला खड्डे.
नऊ हजार दोनशे.
यादीत नंबर सत्त्याऐंशी. म्हणजे दोन हिवाळे.

बाहेर पडल्यावर दोन्हीकडे परवाना तोच,
वॉर्ड तोच, तासाला तेच चौतीस डॉलर.
आज सतरा मिळतात,
अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवण्याचे.

इथे गणित कूस बदलतं.
कारण थांबणंही फुकट नसतं:
तासाला सतराचा फरक, दोन वर्षं,
अडुसष्ट हजार, न मिळालेले.
हा आकडा तिने पेन्सिलीने दोनदा गिरवला.
म्हणजे महाग तेच स्वस्त?
पेन्सिल हो म्हणते.
पेन्सिलीच्या घरी मूल नसतं.

दुसऱ्या मजल्यावरची टॅम्सिन त्याच काचेत शिरली होती.
तिसऱ्या सत्रात पोराला न्यूमोनिया,
नऊ दिवस गैरहजर, नाव कमी.
अर्ध्या शिक्षणाची अर्धी नर्स होत नाही,
अर्ध्या वाटेवरचं कर्ज मात्र अख्खं असतं.
दरमहा तीनशे बारा.
एकही हप्ता चुकला नाही, असं टॅम्सिन मान ताठ करून सांगते.
ऐकवत नाही.

पहाटे चारला, चौदा नंबरच्या खोलीत,
ऑर्विल हुडाकच्या दंडाला पट्टा बांधताना
कॉरिन सगळं बोलून गेली. का, कोण जाणे.
एकतीस वर्षं भंगाराच्या यार्डात
वजनकाट्यावर बसलेला माणूस.
म्हणाला, भरलेला ट्रक सगळेच बघतात, पोरी.
मी रिकामा आधी चढवायचो.
आधी धडा कर.
नाहीतर लोखंडाच्या भावात ट्रकच विकत घेशील.
मग डोळे मिटून म्हणाला, किती आलं प्रेशर?

तर रिकामी कॉरिन, पाकिटाच्या उरल्या जागेत:
भाडं सातशे ऐंशी. टिओचा इन्हेलर.
पुढचं डावं टायर.
तीन रात्री पोराला सांभाळणारा भाऊ,
जो सांभाळतो आणि बोलून दाखवतो.
झोप, चार तास.
आणि एक नोंद, जिच्यापुढे आकडा लिहिता येईना:
लागोपाठ किती वाईट महिने
आपण उभ्याने काढू शकतो.
तिथे पाकीट संपलं.

सोमवारी तिने काउंटीच्या खिडकीवर चाळीस डॉलर भरले.
खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही,
गोड बोलला नाही.
तिला बरं वाटलं.
हे बरोबर की चूक, कोण सांगणार?
अडुसष्ट हजार अजून तिथेच आहेत,
तिने ते खोडलेले नाहीत.

नंबर येईपर्यंत संध्याकाळी एकेक विषय घेता येतो.
शरीररचनेचं जुनं पुस्तक, अकरा डॉलर.
पहिल्या पानावरचं नाव काळ्या शाईने बुजवलेलं,
ओळींखाली कुणाच्या तरी पिवळ्या रेघा,
आतुर, सरळ, पट्टी लावून मारलेल्या,
एकशे बारा पानापर्यंत.
पुढे सगळं कोरं.

टिओ झोपल्यावर ती पहिला धडा उघडते. हाडं. दोनशे सहा.
त्याआधी मात्र, का ते न ठरवता,
एकशे तेराव्या पानात
विजेच्या बिलाचं पाकीट ठेवून देते, खूण म्हणून.